व्यायाम चालेल का, हे विचारायचं कुणाला?

जून जवळ आला, योग दिनाच्या तयाऱ्या सुरू झाल्या की समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. "मॅडम, आम्ही मुसलमान. निव्वळ व्यायाम म्हणून आसनं केली तर चालतं का?" भुसावळ असो की रावेर-सावदा, विचारणाऱ्या बहुतेक बायकाच. कुणाची कंबर धरलेली, कुणाची शुगर वाढलेली.

रजियाताई (नाव आणि तपशील बदललेत) यावल तालुक्यातल्या शाळेत शिक्षिका, तडवी (मुस्लिम भिल्ल) कुटुंबातल्या. कंबरदुखीमुळे खुर्चीवर बसून नमाज पढायची वेळ आलेली. डॉक्टरांनी योगवर्ग सुचवला. दुखणं कमी झालं, पण झोप उडाली.

पहिल्या भेटीत त्यांना दाखले हवे होते. ते मी दिले. मलेशियाच्या फतवा परिषदेनं 2008 मध्ये मुसलमानांना योग वर्ज्य ठरवला. लगेच तिथल्या पंतप्रधानांनी खुलासा केला की मंत्र वगळून नुसता व्यायाम चालेल. 2009 मध्ये इंडोनेशियाच्या उलेमांनीही रेघ मंत्रांपाशीच ओढली. सौदी अरेबियानं 2017 मध्ये योगाला खेळ म्हणून मान्यता दिली. आणि सोळाव्या शतकात ग्वाल्हेरच्या मुहम्मद गौस या सूफींनी योगावरचा ग्रंथ फारसीत आणला होता. त्यांच्या शत्तारी परंपरेतले सूफी बुऱ्हाणपुरात नांदले, म्हणजे जुन्या खानदेशाच्या राजधानीतच.

ताईंनी सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढच्या खेपेला आल्या त्या तशाच ओढलेल्या चेहऱ्यानं.

"माहिती मिळाली मॅडम. झोप नाही मिळाली."

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी. मनात टोचणी नेमकी केव्हा लागते आणि त्या क्षणी माणूस स्वतःशी काय बोलतो, हे हाती लागलं की वाट सापडते, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

"भुजंगासन करताना अपराधी वाटतं?"

"नाही. तेव्हा तर बरं वाटतं."

"मग केव्हा?"

बराच वेळ त्या पदराचं टोक गुंडाळत बसल्या. "वर्ग सुटल्यावर. चपला घालून घराकडे निघाले की."

"घरी काय सांगून येता?"

"फिरायला जाते म्हणून."

"आणि वर्गात ॐ सुरू झाला की?"

"ओठ हलवते. नुसतेच." मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे घरीही नाटक, तिथंही नाटक. अल्लाहला माझी नियत माहीत आहे हो. सासूबाईंना कुठं माहीत आहे?"

त्या उत्तरासाठीच मी थांबले होते. टोचणी आसनांची नव्हतीच, लपवाछपवीची होती. एकीकडे घरचे काय म्हणतील, दुसरीकडे वर्गातल्या बायका काय म्हणतील. आणि या दोन्ही भीतींना ताईंनी धर्माचं नाव देऊन ठेवलं होतं. हा गुंता दाखल्यांनी सुटत नाही.

पुढचं काम साधं होतं, सोपं नव्हतं. योगशिक्षिकेला त्यांनी सांगितलं, "ॐच्या वेळी मी गप्प बसेन, सूर्यनमस्कार करणार नाही." "बसा की," एवढंच उत्तर आलं. घरी खरं सांगितल्यावर सासूबाई मात्र दोन दिवस अबोल. मग त्यांनीच मौलानांना विचारायला लावलं. मंत्र नको, सूर्यनमस्कार नको, इलाज म्हणून व्यायामाला हरकत नाही, असं ते म्हणाले. सासूबाई पूर्ण राजी नाहीत अजून, पण ताईंना आता फिरण्याचं निमित्त सांगावं लागत नाही.

हे उत्तर ताईंपुरतं. हलाल-हराम ठरवणारी मी कोण? तो प्रश्न तुमचा विश्वास असलेल्या आलिमांना, म्हणजे धर्माच्या जाणकारांना विचारा. पण वर्गात नेमकं काय करवतात, ते सांगून विचारा. नुसतं 'योग चालतो का' विचाराल तर उत्तरही मोघमच येईल. कंबरेचा प्रश्न डॉक्टरांना. 'नमाज म्हणजे योगच की' असं समजावणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. ती तुलना मला दोन्हींचा अवमान वाटते. शिक्षक मंत्राचा आग्रह धरत असतील तर वर्ग बदला. आणि आलिमांनी नाहीच म्हटलं, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. पाठीवर झोपून कंबर उचलण्यासारखे व्यायाम तिथंही शिकवतात, तेही मंत्राविना.