घरमालक न सांगता स्वतःच्या किल्लीने घरात येतात, हे चालतं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कामावर गेलात की मालक डुप्लिकेट किल्लीने आत येऊन जातात आणि विचारलं तर "घर माझंच आहे" म्हणतात, तर कुलूप बदलू का. आधी पहिलं सांगते, हे चालत नाही. घर त्यांचंच आहे, पण भाडं घेऊन ताबा दिला की तिथे राहतं घर तुमचं, आणि किल्ली असणं म्हणजे परवानगी असणं नाही.

माझ्या बाबतीत हे झालंय. अंघोळ करून नुकती बाहेर आले होते, केसातून पाणी गळतंय आणि लॅचमध्ये किल्ली फिरल्याचा आवाज. दारात मालक, मागे एक अनोळखी माणूस, म्हणे नळ बघायचाय. मला ओरडायलाही सुचलं नाही, नंतर कितीतरी दिवस अंघोळीला जायच्या आधी मी दाराला खुर्ची लावायचे. म्हणून कोणी "त्यात काय एवढं" म्हणालं तर अजिबात मनावर घेऊ नका.

कायदे जागोजागी वेगळे आहेत पण बऱ्याच ठिकाणी मुद्दा तोच, आधी कळवा आणि योग्य वेळेला या. भारताच्या 2021 च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमध्ये (हा नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू) निदान 24 तास आधी नोटीस, तीत दिवस, वेळ, कारण, आणि सूर्यास्तानंतर यायचंच नाही. इंग्लंडच्या 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्यात तपासणीला 24 तासांची लेखी सूचना लागते, कॅनडात ऑन्टारिओमध्येही 24 तास आणि सकाळी 8 ते रात्री 8. आग लागली, पाइप फुटून पाणी वाहतंय, तेव्हा मात्र कोणी नोटीसची वाट बघणार नाही आणि बघूही नये.

आता कुलूप. लगेच बदलू नका, आधी ॲग्रीमेंटमध्ये पाहणीबद्दल आणि कुलपाबद्दल काय लिहिलंय ते नीट वाचा. घरात असताना आतून कडी लावा, त्याला कोणाला विचारायची गरज नाही. आणि आजच मालकांना मेसेज टाका, तोंडी नको: "अमुक तारखेला मी नसताना तुम्ही आत आलात, यापुढे एक दिवस आधी कळवा, मी घरी थांबेन." भांडणाचा सूर नको, पण तारीख हवीच. तरीही आले तर प्रत्येक वेळ लिहून ठेवा आणि ते घेऊन वकिलाकडे जा. रागाच्या भरात भाडं तेवढं थांबवू नका, नाहीतर चूक त्यांची आणि थकबाकीदार तुम्ही.