पहिल्यांदाच स्कीइंगला जायचंय, गर्दी नसलेलं छोटं रिसॉर्ट घ्यावं की मोठं प्रसिद्ध?

छोटंच घ्या. फक्त ते रिकामं का असतं हे बुकिंगच्या आधी बघा, आम्ही नेमके तिथेच गंडलो होतो.

आमची पहिली ट्रिप नाताळच्या आठवड्यात, मोठ्या नावाजलेल्या ठिकाणी. डोंगरावर चढवणाऱ्या लिफ्टच्या रांगेत किती वेळ गेला ते सोडा, खरा त्रास उतारावर. शिकाऊ माणूस पिझ्झा करत (स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, इन्स्ट्रक्टर लोक त्याला पिझ्झाच म्हणतात) जीव मुठीत धरून उतरत असतो आणि मागून कोणीतरी सुर्रकन अगदी खांद्याजवळून जातं, की आपण दचकून मागं बघतो, वजन मागं जातं, स्की पुढं पळतात आणि आपण बसलो बर्फात! नंतर कळलं की एफआयएसचा (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा) नियमच आहे, उतारावर जो पुढे आहे त्याला आधी वाट, मागून येणाऱ्यानं सांभाळून जायचं. आधी माहिती असतं तर माझी मान तरी वाचली असती.

दुसऱ्या वेळी जानेवारीच्या मधल्या आठवड्यात छोट्या ठिकाणी गेलो. रात्री मशीननं बर्फ दाबून उतारावर बारीक बारीक रेघा पाडलेल्या असतात, कॉर्डरॉयच्या पँटसारख्या. गर्दीच्या ठिकाणी त्या तासाभरात मोडून ढेकळं होतात, इथं दुपारी बारापर्यंत कडेच्या रेघा तशाच होत्या, आणि त्यावरून स्की जाताना जी बारीक खरखर येते ती मला पहिल्यांदा ऐकू आली. एकच सोपा उतार मी त्या सकाळी ११ वेळा उतरलो. मागं कोणी नाही म्हटल्यावर शरीर आपोआप सैल होतं हो, वळायला तेव्हाच जमलं.

आता गंडलो कुठे ते. रिकामं असण्याची चांगली कारणं म्हणजे तारखा आणि वार. न्यू इयर संपल्यावर, फेब्रुवारीतल्या शाळांच्या सुट्ट्या लागायच्या आधी, सोमवार ते शुक्रवार गेलात तर गर्दी तशीही कमी असते. पण काही ठिकाणं रिकामी असतात कारण लिफ्टच दोन, त्याही उघड्या कड्यावर, वारा सुटला की बंद. आमचा तिसरा दिवस पूर्ण लॉबीत पत्ते खेळण्यात गेला. दुसरं कारण उंची. साधारण १००० मीटर वर गेलं की तापमान साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे वरच्या गावात बर्फ पडत असताना खालच्या गावात पाऊस असू शकतो. त्यामुळे लिफ्ट किती, पायथा किती उंचीवर, कृत्रिम बर्फाची सोय आहे का आणि शिकाऊ लोकांसाठी सरकता पट्टा (मॅजिक कार्पेट) आहे का, एवढं विचाराच.

छोट्या ठिकाणी जुन्या ड्रॅग लिफ्ट असतात, म्हणजे मागून एक दांडा येतो आणि तुम्हाला ओढत वर नेतो. त्यावर बसायचं नसतं!! बायको बसली आणि सरळ खाली. रांग नसल्यामुळे बघायला मी आणि लिफ्टवाला दोघंच, तेवढी अब्रू वाचली. चेअरलिफ्टवर मात्र खरंच बसायचं असतं. (जगातली पहिली चेअरलिफ्ट १९३६ मध्ये अमेरिकेत सन व्हॅलीला लागली आणि तिची कल्पना जहाजात केळ्यांचे घड चढवायच्या हुकांवरून सुचली होती, लटकत जाताना मला दरवेळी तेच आठवतं.)

बूट भाड्याने घेताना घाई करू नका. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवले की सुटला पाहिजे. मोजा एकच, पातळ, दोन घातले की सुरकुती पडून पायाला फोड येतो. आणि वजन विचारतील तेव्हा खरं सांगा, मी लाजेनं पाच किलो कमी सांगितलं होतं. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) किती जोरावर सुटायचं ते वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तुम्हाला किती येतं यावरून ठरवतात. माझी स्की उगाचच निघत होती ते एक वेळ चाललं, पण उलटी बढाई मारून स्वतःला एक्सपर्ट सांगितलंत तर पडताना स्की निघणार नाही आणि गुडघा पिरगळेल.

इन्शुरन्समध्ये स्कीइंग धरलंय का ते वाचून घ्या, बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत ते वेगळं घ्यावं लागतं.

सनस्क्रीन नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या खाली पण लावा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, म्हणजे ऊन खालूनही येतं. मी कपाळ, गाल सगळं लिंपलं होतं आणि नाकपुड्यांखालची कातडी सोलून निघाली, पुढचा आठवडाभर नाक शिंकरायची भीती.