खगोलशास्त्रात करिअर: एम.एस्सी. खगोलशास्त्राची करावी की फिजिक्सची?

प्रश्न थोडक्यात असा: टीवायबीएस्सी फिजिक्स, आतापर्यंत ६८ टक्के, राहणं लातूरला. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ व्हायचं आहे. एम.एस्सी. खगोलशास्त्राची करावी की फिजिक्सची, आणि एका खासगी संस्थेचा साठ हजार रुपयांचा ऑनलाइन ‘ॲस्ट्रोफिजिक्स डिप्लोमा’ घ्यावा का?

डिप्लोमाचं उत्तर आधी देतो: घेऊ नका. पीएचडीच्या प्रवेशाला पात्रता पाहतात ती एम.एस्सी., बी.ई. किंवा बी.टेक. अशा पदवीची. तिथे डिप्लोमाला जागाच नाही. त्या पैशात १६ जीबी रॅमचा बरा लॅपटॉप येतो आणि पुढची पाच वर्षं तो रोज लागणार आहे.

आता एम.एस्सी. माझं स्पष्ट मत फिजिक्सच्या बाजूचं आहे. आपल्याकडे खगोलशास्त्राचा खरा प्रवेश पीएचडीच्या दारातून होतो, आणि त्या दारावरची परीक्षा फिजिक्सची असते. खगोलशास्त्राची वेगळी एम.एस्सी. मोजक्या ठिकाणी आहे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात ती जुनी आहे, आयआयटी इंदूरला खगोलशास्त्र आणि अवकाश अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे, तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत (भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था) पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. इंदूर किंवा आयआयएसटी मिळालं तर जरूर जा, तिथे फिजिक्सचा पाया कच्चा राहत नाही. पण नुसतं नाव ‘ॲस्ट्रोनॉमी’ आहे म्हणून क्वांटम आणि स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स उरकून टाकणारा अभ्यासक्रम निवडलात, तर दोन वर्षांनी नेट आणि जेस्ट या पीएचडी-प्रवेशाच्या परीक्षांत अडकाल. शिवाय फिजिक्सची एम.एस्सी. असली की प्राध्यापकीचा रस्ताही खुला राहतो. जाहिरातींत ‘संबंधित विषय’ कोणता धरायचा यावरून खगोलशास्त्राच्या पदवीधरांना कधीकधी भांडावं लागतं.

एम.एस्सी.साठी जॅम, म्हणजे आयआयटींची एम.एस्सी. प्रवेश परीक्षा द्या. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. आयआयटीबरोबर इतरही काही संस्था हेच गुण धरतात. जोडीला सीयूईटी-पीजी (केंद्रीय विद्यापीठांची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) आणि पुणे विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा ठेवा. पुण्याचा एक मोठा फायदा असा की विद्यापीठाच्या आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची आणि एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. व्याख्यानं ऐकायला, प्रोजेक्टसाठी मार्गदर्शक शोधायला चालत जाता येतं. ६८ टक्क्यांची काळजी करू नका. बहुतेक ठिकाणची अट ५५ किंवा ६० टक्क्यांची असते, आणि त्यापुढे प्रवेश परीक्षा व मुलाखत यांचंच वजन पडतं.

पीएचडीच्या परीक्षांकडे एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षापासून नजर असू द्या. चार नावं लक्षात ठेवा. सीएसआयआर-नेट फिजिकल सायन्सेस: एकूण २०० गुण, त्यातला ‘क’ भाग १०० गुणांचा. त्यात ३० पैकी २० प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी ५ गुण, चुकीला त्या प्रश्नाचे २५ टक्के, म्हणजे सव्वा गुण कापतात. जेस्ट: १०० गुण. यातले १५ प्रश्न तीन गुणांचे आणि २५ प्रश्न एका गुणाचे, दोन्हींत चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण जातात. उरलेले १० प्रश्न पूर्णांकात उत्तर लिहायचे, तीन गुणांचे, त्यांना वजाबाकी नाही. हे दहा आधी घ्या. तिसरी टीआयएफआरची (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) जीएस परीक्षा, ती डिसेंबरात असते. चौथी आयनॅट, म्हणजे आयुका आणि एनसीआरए यांची संयुक्त परीक्षा. पात्रता आणि तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण माना. गेल्या वर्षीचं कुणाचं तरी सांगणं धरून बसू नका.

इथे सगळ्यात जास्त घसरण होते ती अशी: विद्यार्थी वर्षभर कृष्णविवरं, डार्क मॅटर, महास्फोट यांवर व्हिडिओ पाहतो, आणि परीक्षेत मात्र लॅग्रांजियन, बाउंडरी व्हॅल्यूचे प्रश्न, पर्टर्बेशन थिअरी, पार्टिशन फंक्शन समोर येतात. खगोलशास्त्राचे प्रश्न जवळजवळ नसतातच. मागच्या दहा वर्षांचे जेस्ट आणि नेटचे पेपर घड्याळ लावून सोडवणं, आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न दुसऱ्या दिवशी उत्तर न बघता पुन्हा सोडवणं, याला पर्याय नाही.

लेखी परीक्षा ही चाळणी. निवड होते ती मुलाखतीत, आणि तिथे अंदाजी गणितं विचारतात. उदाहरणार्थ: पृथ्वीच्या वातावरणाबाहेर दर चौरस मीटरला सूर्याची १३६१ वॅट ऊर्जा येते, तर सूर्याची एकूण तेजस्विता किती? अंतर १.५ गुणिले १० चा ११वा घात मीटर घ्या, गोलाचं क्षेत्रफळ काढा, उत्तर ३.८५ गुणिले १० चा २६वा घात वॅट. लगेच पुढचा प्रश्न: मग सूर्य दर सेकंदाला किती वस्तुमान गमावतो? प्रकाशवेगाच्या वर्गाने भागलं की सुमारे ४३ लाख टन. किंवा असा: नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत, २१ सेंटीमीटर तरंगलांबीला ती किती बारकावे वेगळे दाखवेल? तरंगलांबी भागिले अंतर, म्हणजे दोन आर्कसेकंदांच्या आसपास (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही, कारण तिसऱ्या वाक्याला ते विचारतात, “१४ तबकड्या मधल्या एका चौरस किलोमीटरमध्येच का ठेवल्या?” (विस्तीर्ण, फिकट स्रोत टिपायला कमी अंतराच्या जोड्या लागतात म्हणून.) फळ्यावर खडू घेऊन मोठ्याने विचार करायची सवय मित्रासमोर लावून घ्या. चूक केलीत तर चालतं. गप्प बसलात तर परीक्षकाला तुमचा विचार कळायला मार्ग उरत नाही.

मुलाखतीत “प्रोजेक्ट काय केलात?” हा प्रश्न नक्की येतो, आणि लातूरला दुर्बीण नाही म्हणून प्रोजेक्ट होत नाही हा समज काढून टाका. जगातला उत्तम डेटा फुकट आहे. एक प्रोजेक्ट पूर्ण सांगतो, तीन-चार आठवड्यांत होण्यासारखा: कृत्तिका तारकागुच्छाची एचआर आकृती, म्हणजे ताऱ्यांची तेजस्विता आणि रंग यांचा आलेख.

ताऱ्यांच्या जागा आणि अंतरं मोजणाऱ्या युरोपच्या गाया उपग्रहाचा तिसरा डेटासंच जून २०२२ पासून खुला आहे. त्याच्या संकेतस्थळावर विषुवांश ५६.७५ अंश आणि क्रांती २४.१२ अंश (आकाशातले रेखांश-अक्षांश) हे केंद्र धरून दोन अंशांच्या त्रिज्येतले तारे मागवा. पॅरलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा सरकल्यासारखी दिसते ते; जितकी जास्त, तितका तारा जवळ) ६.८ ते ८.० मिलीआर्कसेकंद, आणि पॅरलॅक्स भागिले तिची त्रुटी दहापेक्षा जास्त, अशी गाळणी लावा. मग निजगती, म्हणजे ताऱ्याचं आकाशातलं स्वतःचं सरकणं पाहा: वर्षाला विषुवांशात साधारण +१५ ते +२५ आणि क्रांतीत −५० ते −४० मिलीआर्कसेकंद. एवढं केलं की पार्श्वभूमीतले बहुतेक तारे गळतात आणि गुच्छातले काहीशे उरतात. आता गायाच्या ‘G’ प्रतीत (मॅग्निट्यूड, म्हणजे दिसणाऱ्या तेजाचा आकडा; जितका कमी, तितका तारा उजळ) पॅरलॅक्सच्या लॉगॅरिदमची पाचपट मिळवा (पॅरलॅक्स मिलीआर्कसेकंदात), त्यातून १० वजा करा, ही निरपेक्ष प्रत. ती उभ्या अक्षावर उलटी, आणि निळ्या व लाल फिल्टरमधला फरक आडव्या अक्षावर. पायथन, ॲस्ट्रोपाय आणि मॅटप्लॉटलिब एवढ्यावर काम होतं.

चुका कुठे होतात तेही पाहा. गाळणी न लावता एक भागिले पॅरलॅक्स केलं की त्रुटी मोठी असलेले तारे भलत्याच अंतरावर जातात, काहींची पॅरलॅक्स ऋण असते आणि लॉगॅरिदम निघतच नाही. गुच्छातले सर्वांत तेजस्वी तारे गायाच्या कॅमेऱ्याला झेपत नाहीत, म्हणून वरचं टोक विरळ किंवा विस्कटलेलं दिसतं. तो तुमचा दोष नाही, पण अहवालात लिहा. आणि मेन सिक्वेन्सच्या (आकृतीतला ताऱ्यांचा मुख्य तिरपा पट्टा) वर समांतर एक पट्टा दिसेल, साधारण ०.७५ प्रतींनी उजळ. ते जोडतारे: दोन सारखे तारे एकच बिंदू म्हणून मोजले गेले की प्रकाश दुप्पट होतो, आणि दोनच्या लॉगॅरिदमची अडीचपट ०.७५ येते. हा पट्टा स्वतः शोधून समजावून सांगणारा विद्यार्थी परीक्षकांच्या लक्षात राहतो. कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मी याला जास्त मोल देईन.

पुढे रेडिओकडे ओढ वाटली तर जीएमआरटीचा जुना डेटाही मिळतो. पण तो कासा या सॉफ्टवेअरमध्ये स्वच्छ करायला वेळ लागतो, फाइली दहा-दहा जीबींच्या असतात. त्यासाठी आधी लिनक्स शिका.

संस्थांतलं वातावरण आतून पाहायचं तर सुट्टीतले कार्यक्रम हाच मार्ग. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यासाठी टीआयएफआरचा व्हीएसआरपी, आयुकाचा व्हीएसपी आणि विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे. पुण्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळाही भरते. अर्जातलं शिफारसपत्र ज्या शिक्षकांकडून हवं त्यांना चार आठवडे आधी सांगा, आणि गुणपत्रिकेबरोबर केलेल्या कामाची एक पानी टिपणी द्या. शेवटच्या दिवशी मागितलेलं पत्र तीन ओळींचं येतं, आणि निवड समिती ते पहिल्या नजरेत ओळखते.

कुठे काय चालतं, ते थोडक्यात. आयुकात सिद्धांत, गुरुत्वीय लहरी, क्ष-किरण आणि उपकरणनिर्मिती. आदित्य-एल१ या सूर्याच्या अभ्यासाच्या यानावरची सुट ही अतिनील दुर्बीण तिथलीच. एनसीआरए म्हणजे रेडिओ. बेंगळुरूच्या आयआयएकडे (भारतीय खगोलभौतिकी संस्था) कोडईकनाल, कावलूर आणि लडाखमधलं हानले इथल्या वेधशाळा. नैनितालच्या एरीजकडे देवस्थळची ३.६ मीटरची दुर्बीण. अहमदाबादच्या पीआरएलकडे माउंट अबू आणि उदयपूरची सौर वेधशाळा, परग्रहांचं कामही तिथे. रामन इन्स्टिट्यूट, टीआयएफआर, आयआयएस्सी आणि आयझर आहेतच. संस्था निवडताना तिच्या नावाआधी तिथल्या कुणाचं काम तुम्हाला करावंसं वाटतं ते पाहा, त्यांचे गेल्या तीन वर्षांतले पेपर अर्काइव्हवर (arXiv, शोधनिबंधांचं खुलं संकेतस्थळ) चाळा. आयुका-एनसीआरएत पहिलं वर्ष वर्गातल्या अभ्यासाचं असतं आणि मार्गदर्शक त्यानंतर ठरतो, त्यामुळे विषय बदलायला जागा राहते.

पैशांबद्दल आणि वर्षांबद्दल घरी आत्ताच बोलून घ्या. १ जानेवारी २०२३ पासून पीएचडी करताना मिळणारी ज्युनियर फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी सीनियर झाल्यावर ४२,०००. हॉस्टेल नसेल तर घरभाडंही मिळतं. फेलोशिप धरली जाते पाच वर्षांची, प्रबंध मात्र बऱ्याचदा साडेपाच-सहा वर्षांवर जातो. मधल्या महिन्यांत संस्था काय देते हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. त्यानंतर दोन-तीन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या मुदतीच्या संशोधन नोकऱ्या), प्रत्येक दोन-तीन वर्षांचा, त्यातला निदान एक बहुधा परदेशात. कायम नोकरी मिळेपर्यंत वय तेहतीस ते छत्तीस होतं, आणि पीएचडी झालेल्या सगळ्यांना ती मिळत नाही. बरेच जण डेटा सायन्स, सॉफ्टवेअर, अवकाश उद्योग किंवा अध्यापनाकडे वळतात आणि तिथे चांगलं काम करतात. म्हणून सांख्यिकी आणि प्रोग्रामिंग मनापासून शिका, दोन्हीकडे लागतं.

परदेशाचं एवढंच सांगतो. अमेरिकेतली पीएचडी पाच-सहा वर्षांची, पगारासकट, अर्ज डिसेंबरात. तिथे स्वतः फी भरून पीएचडीला जाऊ नका. युरोपात आधी मास्टर्स लागते, मग पीएचडी तीन-चार वर्षांची नोकरीच असते. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला फी नाही, पण हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो पडतात. हे न बघता बजेट मांडणारे नंतर धावपळ करतात.

तुमच्याच वर्गातल्या, इंजिनिअरिंगला गेलेल्या मित्रांनाही हे दाखवा. आयनॅटला बी.ई., बी.टेक.वालेही बसतात, आणि पीएचडी करायची नसली तरी या क्षेत्राला इंजिनिअर हवेच असतात: रिसीव्हर, एफपीजीए, सर्व्हो, ऑप्टिकल फायबर, नियंत्रण सॉफ्टवेअर. तुमच्या मराठवाड्यातच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले. तिथे निर्वात नळ्या, लेझर, कंपनरोधक यंत्रणा यांचे जाणकार लागतील. जानेवारी २०२४ मध्ये स्क्वेअर किलोमीटर ॲरे या आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीसाठीही १२५० कोटी मंजूर झाले आहेत, आणि त्याच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये भारताचा वाटा मोठा आहे. तुमची पीएचडी सुरू होईल तेव्हा या दोन्हींची कामं रंगात आलेली असतील.

आत्ता लगेच करायचं ते एवढंच: जॅमच्या अर्जाची तारीख टिपून घ्या, टीवायचा क्वांटम आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्स पक्का करा, आणि दिवाळीच्या सुट्टीत कृत्तिकांचा डेटा उतरवा. आकृतीत तो दुसरा पट्टा दिसत नसेल तर तुमची गाळणी आणि आलेख इथेच टाका, कुठे अडलंय ते पाहू.