मिक्सरची बॉडी डिझाइन करताना

तुझं स्केच पाहिलं. आकार देखणा आहे, पण बाजूची ती आत वळलेली खाच साच्यात स्लायडर, म्हणजे बाजूला सरकणारा तुकडा, मागते, आणि स्लायडर आला की साच्याचा खर्च वाढलाच. खाच पकडीसाठी असेल तर ठेव, नुसती शोभेची असेल तर सरळ काढून टाक.

साच्याचा हिशोब आधी मांड. समज, साचा 4 लाखांचा आहे. 1,000 नग काढले तर नगामागे 400 रुपये पडतात, 50,000 काढले तर फक्त 8. म्हणून किती माल काढायचाय हे मालकांना विचारल्याशिवाय पुढे जाऊच नकोस.

एबीएसची, म्हणजे बॉडीच्या प्लॅस्टिकची, भिंत सगळीकडे सारखी ठेव, अडीच मिलिमीटरच्या आसपास. मजबुतीसाठी जाडी वाढवू नकोस, आतून रिब, म्हणजे आधाराची उभी पट्टी, दे. रिब भिंतीच्या साधारण निम्म्या जाडीची हवी, नाहीतर बाहेरून खळगा दिसतो. चकचकीत पृष्ठभागावर तो खळगा आणि रोजचे ओरखडे लगेच नजरेत भरतात. मला विचारशील तर बारीक टेक्स्चर घे, दोन्ही झाकले जातात. फक्त ड्राफ्ट, म्हणजे भिंतीचा हलका उतार, थोडा जास्त दे, नाहीतर साच्यातून निघताना नग घासतो.

हवेच्या जाळीत मात्र काटकसर नको, दिसायला कितीही सुटसुटीत वाटली तरी. चटणी वाटताना मोटर तापते, तिची गरम हवा बाहेर पडायलाच हवी.