जुन्या आर७१० सर्व्हरचं बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) कसं अपडेट करायचं?

तुमच्या डेल पॉवरएज आर७१० मधला लाइफसायकल कंट्रोलर (सर्व्हरमध्येच असलेली अपडेटची सोय) अपडेट शोधताना अडकतो, कारण तो डेलच्या जुन्या एफटीपी सर्व्हरवर फायली शोधतो आणि तो रस्ता आता बंद आहे. त्याच्या नादी लागू नका.

डेलच्या सपोर्ट पानावर सर्व्हिस टॅग (तुमच्या सर्व्हरचा ओळख क्रमांक) टाकून फायली स्वतः उतरवून घ्या. आधी आयड्रॅक६, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायची त्यातली चिप: ब्राउझरमधून लॉगिन करून अपडेटच्या पानावर firmimg.d6 ही फाइल चढवायची. नवे ब्राउझर त्याचं जुनं एन्क्रिप्शन नाकारतात, म्हणून जुनं ब्राउझर एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा. मग बायॉस. मशीनवर लिनक्स असेल तर डेलची .बिन फाइल रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवा; नसेल तर फ्रीडॉसचा (साध्या, मोफत डॉसचा) पेनड्राइव्ह बनवून त्यावरून डेलची .ईएक्सई फाइल चालवा. माझ्या मते पेनड्राइव्हच बरा, ऑपरेटिंग सिस्टिमची लुडबुड नाही.

५५०० मालिकेचा झिऑन (इंटेलचा सर्व्हर प्रोसेसर) काढून ५६०० चा बसवणार असाल, तर बायॉस जुन्या प्रोसेसरवरच अपडेट करा. फार जुनं बायॉस नव्याला ओळखतच नाही, स्क्रीन काळीच राहते.

सर्व्हर यूपीएसवर हवा, बॅकअप हवाच. फ्लॅश, म्हणजे नवं बायॉस चिपवर लिहिणं, चालू असताना पंखे जोरात घोंघावले तरी बटणाला हात लावू नका.