क्रूझवर स्वतःची वाइन नेता येते का, आणि नेण्यात अर्थ आहे का?

आपण विचारले आहे की, सात रात्रींच्या क्रूझवर पती-पत्नी दोघे जाणार असताना सोबत वाइनच्या चार बाटल्या नेता येतील का, त्या बंदरावर काढून घेतल्या जातील का, आणि नेल्याने खरोखर पैसे वाचतात का. मी आजवर चार क्रूझ केल्या आहेत आणि त्यांतल्या पहिलीवर याच बाबतीत माझी चांगली फजिती झाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाइन बहुतेक जहाजांवर नेता येते, मात्र चार बाटल्या सहसा विनाशुल्क नेता येत नाहीत. कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन या कंपन्या प्रत्येक प्रौढ प्रवाशाला ७५० मिलिलिटरची एक सीलबंद बाटली नेऊ देतात, म्हणजे आपण दोघांनी मिळून दोन. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका यांच्याकडेही माणशी पहिली बाटली विनाशुल्क असते, पण त्याहून अधिक न्यायच्या असतील तर प्रत्येक जादा बाटलीमागे शुल्क भरून त्या नेता येतात. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीची पद्धत वेगळी आहे. तिथे बाटल्यांच्या संख्येवर मर्यादा नाही, परंतु ७५० मिलिलिटरच्या प्रत्येक बाटलीला १५ डॉलर आणि दीड लिटरच्या बाटलीला ३० डॉलर असे शुल्क, आपण ती केबिनमध्ये प्या किंवा जेवणाच्या टेबलावर, चढतानाच आकारले जाते. डिस्नेच्या जहाजांवर माणशी वाइनच्या दोन बाटल्या किंवा बिअरचे सहा कॅन चालतात. दोन टोके सांगायची तर एमएससी बाहेरचे कोणतेच मद्य आत येऊ देत नाही, तर व्हायकिंगवर स्वतःची वाइन नेण्यास आणि पिण्यास काहीही शुल्क पडत नाही. व्हिस्की, रम, व्होडका यांना मात्र बहुतेक मोठ्या कंपन्यांची साफ मनाई असते. शुल्काचे आकडे अधूनमधून बदलतात, त्यामुळे तिकिटासोबत आलेल्या अटींतील मद्याविषयीचा परिच्छेद निघण्यापूर्वी स्वतः वाचावा. ट्रॅव्हल एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये, कारण बंदरावरचा सुरक्षा कर्मचारी त्या आश्वासनाला बांधील नसतो.

वयाचीही अट असते. अमेरिकेच्या बंदरांतून सुटणाऱ्या जहाजांवर ही मुभा २१ वर्षे पूर्ण झालेल्यांनाच मिळते, युरोपातून सुटणाऱ्या बऱ्याच सफरींवर ती मर्यादा १८ आहे. सोबत मुले असतील तर त्यांची माणसे म्हणून मोजणी करून बाटल्या वाढवता येत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाची बाब, कारण माझी चूक इथेच झाली. जहाजावर न्यायची वाइन हातातल्या सामानात असावी लागते. बंदरावर हमालाच्या स्वाधीन केल्या जाणाऱ्या मोठ्या सुटकेसमध्ये ती असता कामा नये. विमानाचा नियम नेमका याच्या उलट आहे. बहुतेक विमानतळांवर हातबॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या पात्रातला द्रव चालत नाही, म्हणून बाटली चेक-इनच्या बॅगेतच ठेवावी लागते. (वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १२ ते १५ टक्के असते, त्यामुळे २४ टक्क्यांहून तीव्र मद्याला विमानात लागू होणारी पाच लिटरची मर्यादा तिला लागत नाही.) विमानाने येऊन थेट बंदर गाठणारा प्रवासी ही अदलाबदल करायला हमखास विसरतो. मीही विसरलो. दोन बाटल्या कपड्यांत गुंडाळून सुटकेसमध्ये ठेवल्या होत्या, ती सुटकेस तशीच हमालाला दिली आणि निर्धास्तपणे जहाजावर चढलो. संध्याकाळ झाली, आजूबाजूच्या सर्व केबिनींचे सामान आले, आमची एकच बॅग आली नाही. चौकशी केल्यावर मला खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत पाठवण्यात आले. तिथे माझ्यासारखेच आठ-दहा ओशाळलेले प्रवासी रांगेत उभे होते. कोणाच्या बॅगेत इस्त्री सापडली होती, कोणाच्या बॅगेत विजेची किटली. बॅग माझ्यासमोर उघडली गेली, बाटल्यांवर केबिनचा क्रमांक चिकटवून त्या कुलुपात गेल्या आणि सफरीच्या शेवटच्या रात्री परत मिळाल्या. वाइन नेण्याचा मला हक्क होता, संख्याही मर्यादेत होती, पण ती चुकीच्या बॅगेत होती, एवढाच काय तो गुन्हा. म्हणून बंदरावर टॅक्सीतून उतरण्यापूर्वी, शक्यतो आदल्या रात्री हॉटेलातच, बाटल्या हातबॅगेत हलवाव्यात. जहाज सुटणाऱ्या शहरात एक दिवस आधी पोहोचणार असाल तर तिथल्याच दुकानातून वाइन घेणे त्याहून सोपे.

बाटली मूळ सीलसह, न उघडलेली असावी. खोक्यातली वाइन कार्निव्हलसह अनेक ठिकाणी चालत नाही. सामान एक्स-रेखाली जाते तेव्हा बाटली स्पष्ट दिसतेच, त्यामुळे कर्मचाऱ्याने विचारण्याआधी आपणच ती असल्याचे सांगितले तर काम मिनिटभरात होते.

पैशांचे गणित वाटते तितके सरळ नाही. जेवणाच्या दालनात स्वतःची बाटली उघडून घेतली की तिच्यावर कॉर्केज नावाचे शुल्क लागते. कार्निव्हलवर ते १५ डॉलर आहे. केबिनमध्ये प्यायल्यास तिथे ते लागत नाही. हिशेबापुरते समजा, जहाजाच्या बारमध्ये वाइनचा एक ग्लास १२ डॉलरला मिळतो. त्यावर १८ टक्के सेवाशुल्क आपोआप चढते असे धरले, तर तो १४ डॉलर १६ सेंटला पडतो. एका बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात, तेव्हा तेवढीच वाइन ग्लासागणिक घेतल्यास सुमारे ७१ डॉलर होतात. आपण १५ डॉलरची बाटली सोबत आणून १५ डॉलर कॉर्केज भरलेत तरी ३० डॉलरमध्ये भागते. परंतु जहाजाच्या यादीत अख्खी बाटली ४० डॉलरला असेल तर सेवाशुल्कासह ती ४७ डॉलर २० सेंटला पडते, आणि मग वाचणारे सतराएक डॉलर हे ओझे वाहण्याचा, फुटण्याच्या धास्तीचा आणि बंदरावरच्या चौकशीचा मोबदला म्हणून पुरेसे आहेत की नाहीत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या हिशेबातून मी माझ्यापुरता वेगळाच निष्कर्ष काढला. कॉर्केज बाटलीमागे लागते, बाटलीच्या किमतीमागे नाही. दहा डॉलरच्या वाइनवरही १५ आणि साठ डॉलरच्या वाइनवरही १५. स्वस्त वाइनची किंमत त्यामुळे अडीचपट होते, चांगल्या वाइनची मात्र चौथ्या हिश्श्याने वाढते. शिवाय स्वस्त वाइन जहाजावर मिळतेच. मिळत नाही ती आपल्या आवडीच्या विशिष्ट द्राक्षबागेची किंवा विशिष्ट वर्षाची. म्हणून चार साधारण बाटल्यांऐवजी मनाजोग्या दोन न्याव्यात, एखादा वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस सफरीत येत असेल तर एक त्या रात्री डायनिंग रूममध्ये कॉर्केज भरून उघडवून घ्यावी आणि दुसरी केबिनच्या गॅलरीत निवांत प्यावी. फार जुनी रेड वाइन मात्र नेऊ नये. तिच्या तळाचा साका प्रवासात ढवळला जातो, तो पुन्हा खाली बसायला बाटली दिवस-दोन दिवस उभी ठेवावी लागते, आणि हलणाऱ्या जहाजावर तेवढी स्थिरता मिळेलच असे नाही.

उघडलेली बाटली एका बैठकीत संपवण्याचे बंधन नसते. वेटरला सांगितल्यास तो केबिनचा क्रमांक लिहून ती ठेवून देतो आणि दुसऱ्या रात्री टेबलावर आणतो. केबिनमध्ये ओतलेला ग्लास हातात घेऊन जेवायला गेल्यावर मला कधी कोणी अडवलेले नाही, पण बाटली काखोटीला मारून गेलात तर कॉर्केज पडणारच. बाटली स्क्रू-कॅपची असेल तर ओपनरचाही प्रश्न उरत नाही. केबिनमधला छोटा फ्रिज फारसे गार करत नाही, त्यामुळे व्हाइट वाइन किंवा शॅम्पेन नेणार असाल तर केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे बर्फाची बादली मागून घ्यावी. ती विनाशुल्क मिळते.

माउथवॉशच्या बाटलीत किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या पिशव्यांत मद्य भरून नेण्याचे सल्ले आपल्याला मिळतीलच. मी ते देणार नाही. तपासणाऱ्यांनी हे सर्व प्रकार आपल्याआधी पाहिलेले असतात, असे मद्य परत न देता ओतून टाकतात, आणि प्रवासाच्या करारात नियमभंगाबद्दल प्रवाशाला वाटेतल्या बंदरावर उतरवण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असतो.

वाटेतल्या बंदरांवर किंवा जहाजावरच्याच ड्यूटी-फ्री दुकानात घेतलेल्या बाटल्या बहुतेक जहाजांवर ताब्यात घेऊन पावती दिली जाते आणि शेवटच्या रात्री किंवा उतरण्याच्या सकाळी त्या परत मिळतात. ती पावती जपून ठेवा. उतरल्यावर त्याच दिवशी विमान पकडायचे असेल तर त्या बाटल्यांसाठी चेक-इनच्या बॅगेत आधीच जागा राखून ठेवा, कारण त्या हातात येतात तेव्हा मोठ्या बॅगा बहुधा केबिनबाहेर गेलेल्या असतात.