पुण्याहून गोव्यात येतोय, पळायला ड्राय-फिट घ्यावा की सुती?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात सुती टी-शर्ट घालून रोज सकाळी पाच किलोमीटर पळता, जूनमध्ये नोकरीसाठी पणजीला येताय, आणि इथल्या हवेत कुठलं कापड सोसेल ते हवंय. मी म्हापशाचा, बारा वर्षं पळतोय. ड्राय-फिटच घ्या, पण अंग कोरडं राहील म्हणून नव्हे.

घाम वाळला तरच थंडावा देतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तोच कोपरावरून टपकला तर फुकट गेला. ड्राय-फिट म्हणजे बहुतेक वेळा पॉलिस्टर. ते स्वतः पाणी पीत नाही (वाळलेल्या वाटणाऱ्या सुतातही 7-8 टक्के ओल असते, पॉलिस्टरात अर्धा टक्कासुद्धा नाही), धाग्यांमधल्या फटींतून घाम बाहेरच्या बाजूला पसरवतं. तिथून पुढचं काम हवेचं. पुण्याची उन्हाळ्यातली कोरडी हवा ते चोख करते. आमची हवा आधीच पोटभर पाणी पिऊन बसलेली असते.

त्यातून तुम्ही पहाटे पळणार! पारा खाली असतो हे खरं, पण हवेतली सापेक्ष आर्द्रता पहाटेच सगळ्यात जास्त असते, आणि समुद्रावरचा वारा उठतो दुपारच्या सुमाराला. सहा वाजता पणजीत मिरामारच्या किनाऱ्यावर या. माडाची झावळी हलत नाही, आणि दुसऱ्या किलोमीटरला टी-शर्ट पाठीला चिकटलेला असतो, मग तो तीनशेचा असो नाहीतर तीन हजारांचा.

तरी ड्राय-फिट का? सुती काचतं म्हणून. सुती टी-शर्ट घाम पिऊन जड होतो, खाली ओघळतो आणि प्रत्येक पावलाला छातीवर घासतो. माझ्या पहिल्या पावसाळ्यात काखा आणि मांड्या अशा सोलवटल्या होत्या की अंगावर पहिला तांब्या ओतताना दात आवळायचो. पॉलिस्टरही भिजतं, पण हलकं राहतं. मांड्यांना व्हॅसलिन मात्र तरीही लावा.

माझ्या मते इथे कापडापेक्षा टी-शर्ट सैल की घट्ट हे महत्त्वाचं. जाहिरातीतल्यासारखे अंगाला चापून बसणारे टी-शर्ट गोव्यात घेऊ नका. सैल, पातळ, शक्यतो बिनबाह्यांचा घ्या. पळताना आतून जी थोडी हवा खेळते तोच आपला पंखा. दुकानदाराला जीएसएम विचारा, म्हणजे चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. 120-130 च्या आसपास असलं तर उत्तम. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जीएसएम विचारलंत तर विक्रेता तुमच्याकडे नुसता बघत राहील; तिथे टी-शर्ट उजेडात धरायचा, पलीकडची बोटं दिसली की घ्यायचा.

पावसात रेनकोट घालून पळू नका. बाहेरून पाऊस नाही तर आतून घाम, भिजायचं ते भिजतोच, वर उकडून निघतो. त्यापेक्षा सरळ भिजा आणि स्कूटरवरून घरी जाताना अंगात घालायला एक कोरडा सुती टी-शर्ट डिकीत ठेवा. भिजल्या पॉलिस्टरवर वारा लागला की जुलैतही हुडहुडी भरते. सुती कपड्याची खरी जागा ही: पळून झाल्यावर, नाहीतर संध्याकाळी फिरायला जाताना. डिसेंबर-जानेवारीत तर काहीही घाला, चालतं.

खरी डोकेदुखी वाळवण्याची. पॉलिस्टर घामाचा तेलकट अंश धरून ठेवतं, म्हणून त्याला सुतापेक्षा लवकर वास मारतो. आल्याआल्या धुवा, बॅगेत कोंबून ऑफिसला नेऊ नका. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर बसला की कापड घाम ओढेनासं होतं. जुलैत आमच्या बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) रात्री टांगलेला सुती टी-शर्ट तिसऱ्या दिवशीही दमट असतो. तसाच अर्धा ओला घालत राहिलो आणि जांघेत गजकर्ण झालं, ते जायला चवथ (गणेशचतुर्थी) उलटली.

तेव्हा एक महागडा टी-शर्ट आणण्यापेक्षा साधे चार आणा. आणि घर बघताना दोरी बांधायला पागोळ्यांपासून आतली जागा आहे का, ते आधी बघा.